कॅमेऱ्यावरचं कुंकू

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गावच्या आरोग्य उपकेंद्रात गेलो होतो. खंडेनवमीच्या पूजेतली झेंडूची फुलं अजून वजनकाट्यावर आणि बीपीच्या मशीनवर होती. टेबलावरच्या टॅबपुढेही एक फूल होतं. कोरोनात डॉक्टर गावात येऊ शकत नव्हते, तेव्हा व्हिडिओवरून रोगी दाखवायला हा टॅब आला होता. साथ सरली की तो कपाटात जाणार, असं मी घरी पैजेवर सांगितलं होतं. सरकारी वस्तूंच्या बाबतीत मी सहसा पैज हरत नाही.

नर्सबाईंनी समोर बसलेल्या आजींसाठी तालुक्याच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला.

"सिस्टर, आज आजी लालभडक का दिसतायत?" डॉक्टरांनी विचारलं.

बाईंनी जीभ चावली. पूजेचं कुंकू नेमकं कॅमेऱ्यावर लागलं होतं.

मला आधी हसू आलं आणि मग फार बरं वाटलं. नांगर असो की शिलाई मशीन, ज्याच्यावर आपलं रोजचं काम चालतं त्याचीच आपण पूजा करतो. कपाटात पडलेल्या वस्तूला कोणी कुंकू लावत नाही.

बाईंनी पदराने कॅमेरा पुसला.

"पुढच्या वर्षी जरा बाजूला लावते, सर," त्या म्हणाल्या.