वरिष्ठ लिपिकाच्या मार्गदर्शनाखाली

माझी चूक तशी लहानच होती. मी पहिला परिच्छेद वाचला आणि दुसरा वाचायच्या आधी अख्ख्या ऑफिसासाठी आलुबोंडे मागवले.

आमच्या मुलीला जर्मनीत वनशास्त्र शिकायला जायचं होतं. नागपूरला बी.एस्सी. करून ती गडचिरोलीतल्या मुलचेऱ्याला घरी आली होती आणि दिवसभर मांडीवर लॅपटॉप घेऊन तिकडच्या विद्यापीठाचा अर्ज भरत बसायची. तिकडच्या लोकांना नुसते मार्क पुरत नाहीत, एक निबंधही लागतो. हाच विषय का शिकायचा आहे ते दोन पानांत सांगा म्हणतात. कागदावर चुका नीट दिसतात म्हणून तिने तो छापून आणायला माझ्याकडे दिला. मी वनविभागाच्या ऑफिसात वरिष्ठ लिपिक. प्रिंटर माझ्याच टेबलावर.

निबंध इंग्रजीत होता. सुरुवात अशी : मला जंगल ज्यांनी शिकवलं ते वनविभागात नोकरी करतात, माझ्या जन्माच्या आधीपासून करतात. आता सांगा, दुसरं कोण असणार? डोळ्यांत पाणी आलं, चष्मा काढावा लागला, आणि चष्म्याशिवाय दुसरा परिच्छेद वाचता येत नाही. तोपर्यंत आलुबोंडे आले. "पोरीनं माह्यावर लिहिलं जर्मनीत," असं मी सगळ्यांना सांगितलं. आमच्या वनमजूर भाऊंनीही दोन आलुबोंडे खाल्ले आणि तोंडभर हसून म्हणाले, "बरं झालं बाबू."

घरी येऊन दुसरा परिच्छेद वाचला. त्यात ते वनमजूर भाऊच होते.

ती लहान होती तेव्हा रविवारी काम असलं की मी तिला ऑफिसात घेऊन जायचो. मी रजिस्टरांत डोकं घालून बसलो की भाऊ तिला सायकलच्या डंड्यावर बसवून रोपवाटिकेत न्यायचे. पुढे जंगलातही. एवढंच मला माहीत होतं. बाकीचं निबंधातून कळलं. साल हुंगून झाड कसं ओळखायचं, येन आणि धावडा ही झाडं अंधारात बोटांनी कशी वेगळी करायची, मोहाच्या झाडाशी गोंडीत काय बोलायचं, हे सगळं त्यांनी तिला शिकवलं होतं. काका चौथी शिकलेले आहेत, पण माझ्या सगळ्या प्राध्यापकांच्या आधीचे प्राध्यापक तेच, असं शेवटी लिहिलं होतं.

मी बी.कॉम. आहे. ते कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोणी बघत नाही असं पाहून ऑफिसासमोरच्या गुलमोहराला नाक लावलं. वास काही आला नाही. मुंगळा मात्र चावला. सुजलेलं नाक घेऊन दिवसभर मी भाऊंकडे बघत राहिलो. ते रोपांना पाणी घालत होते. माणूस इतका शांत कसा असतो, याचाच मला राग येत होता.

अशात मुलीला अनुभवाचं प्रमाणपत्र लागलं. उन्हाळ्यात दोन महिने तिने भाऊंसोबत झाडांची मोजणी केली होती. तसं साहेबांच्या सहीने द्यायचं होतं. साहेबांच्या सहीचं प्रत्येक पत्र आधी मी लिहितो. 'सदर काम ... यांच्या मार्गदर्शनाखाली केले' इथपर्यंत आलो आणि नावाच्या जागेशी थांबलो. वनमजुराच्या मार्गदर्शनाखाली असं पत्र सरकारी कागदावर बरं दिसत नाही, असं मी स्वतःला समजावलं. मग तिथे माझं नाव टाकलं. पदनामासकट. साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली. जावक क्रमांक टाकून, शिक्का मारून मी पत्र घरी आणलं.

मुलीने ते उभ्याउभ्याच वाचलं.

"बाबा, हे काय हाय?"

"तसंच लिहा लागते. पद्धत हाय."

"तुमी मले झाड कोनतं दाखवलं? एक तरी सांगा."

मी आठवून आठवून म्हणालो, "कडुनिंब. आपल्या ऑफिसामागचा."

"त्याले तुमी बकान म्हनत होते. कडुनिंब हाय म्हनून मीच सांगतलं तुमाले, पाचवीत असतानी."

मी चष्मा पुसायला घेतला.

"निबंधात एक नाव, पत्रात दुसरंच. ते लोक दोन्ही कागदं बाजूबाजूले ठेवून वाचतात बाबा. मले खोटी समजतीन. उद्या शेवटची तारीख हाय." मग तिने विचारलं, "का निबंधातून काकाले काढून टाकू?"

खरं सांगतो, अर्धा क्षण मी हो म्हणायच्या बेतात होतो. तोंड उघडलंही होतं. तिने ते पाहिलं. लॅपटॉप बंद करून ती आत गेली.

सकाळी साहेब यायच्या आधीच त्यांच्या दाराशी उभा राहिलो. काय केलं ते सांगितलं. साहेबांनी पत्र पहिल्यांदाच वाचलं.

"बाबू, तुम्ही जंगलात शेवटचे कधी गेलात?"

"वनमहोत्सवाले, साहेब. फोटोसाठी."

भाऊ दारातच होते. त्यांना सगळं ऐकू गेलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस रागावेल. मलाही जरा बरं वाटेल. तर ते म्हणाले, "असू द्या ना साहेब बाबूचंच नाव. पोरगी गेली पायजे. नाव कोनाचंबी रावो."

म्हणजे तिथेही तेच मोठे.

नवं पत्र मीच टाइप केलं. भाऊंचं पूर्ण नाव, पुढे 'वनमजूर', आणि त्यापुढे 'यांच्या मार्गदर्शनाखाली'. साहेबांनी या वेळी दोनदा वाचून सही केली. नेट दोनदा गेलं, पण दुपारी तीनच्या आत अर्ज गेला. मुलीने भाऊंना फोन करून सांगितलं. मला दारातून नुसतं "गेला" म्हणाली.

संध्याकाळी जेवताना बायकोला सगळं पहिल्यापासून सांगितलं. मुंगळ्यासकट. सांगता सांगता पुन्हा तापलो. चौथी शिकलेल्या माणसावर पानंच्या पानं, आणि शाळेच्या पहिल्या दिवसापासून प्रत्येक फॉर्म भरणाऱ्या सख्ख्या बापावर एक ओळ नाही, याला काय म्हणायचं?

बायकोने माझ्या ताटात भाकर वाढली.

"तो निबंध तुमी किती खेपा वाचला?" तिने विचारलं.

"आठ-दहा खेपा तरी."

"मंग सांगा बरं," ती म्हणाली, "त्याच्यात मी कोनत्या पानावर आहो?"