साडूभाऊंचा नेलकटर

माझ्या साडूइतका वाईट पतंग उडवणारा अख्ख्या सुरतेत झाला नाही, असं मी वीस वर्षं सांगत आलो. लोकांना ते पटायचंही, कारण माणूस दिसायचाच तसा. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये जन्म गेल्यानं बोटांवर कधी निळा, कधी राणी रंग; त्यावर उत्तरायणाच्या सकाळी दहाही बोटांना चिकटपट्टी. प्रत्येक पतंगाला तो आधी तिळगूळ दाखवायचा आणि मग स्वतः खायचा, त्यामुळे दुपारच्या उंधियूला पोटात जागा उरत नसे. सगळं जग पतंग उडवताना वर बघतं; हा गोडादऱ्याच्या आमच्या गच्चीवरून खाली गल्लीत बघायचा. दोन मिनिटांत पतंग गुल! शेजारच्या गच्च्यांवर "काप्यो छे!" उठायचं आणि नक्की कोणी कापला यावर तिथे भांडणं लागायची. "साडूभाऊ, वर बघायची भीती वाटते का?" मी ओरडायचो. घरची पोरं हसायची. तोही हसायचा.

खरं काय ते मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. मी त्याच्या मांजाची फिरकी धरून मागे उभा होतो. गल्लीत रिकाम्या हातांची पोरं दिसली की तो शर्टाच्या खिशातून नेलकटर काढायचा आणि स्वतःचाच मांजा तोडायचा.

"अहो, हातातच द्या की पतंग!" मी म्हणालो.

"दिला तर पोरगं घरी सांगेल, कोणीतरी दिला. धरला तर सांगेल, मी धरला." मी बँकेतला, म्हणून तो मला साहेब म्हणे. "साहेब, कोणाला बोलू नका."

गुपित मी पाळलं. टिंगल करा, असं मात्र त्यानं सांगितलं नव्हतं. गच्चीवरचा उस्ताद म्हणून माझा सगळा मान त्या टिंगलीवरच उभा होता.

यंदा त्यानं पतंगाकडे हात नेला, तर त्याच्याच नातवानं तो बाजूला केला. "आजोबा, तुम्ही फिरकीच पकडो ने. तुमचा लगेच कटतो."

सगळे हसले. या वेळी साडू हसला नाही. माझी फिरकी धरून उभा राहिला, खाली बघत.

मी त्याच्या खिशात हात घातला, नेलकटर काढला आणि माझा चांगला चढलेला पतंग सोडून दिला. गल्लीत कल्ला झाला. "ऐका रे," मी गच्चीभर ओरडून सांगितलं, "याचा पतंग आजवर कोणी कापलेला नाही. सगळे यानंच सोडले. मला माहीत होतं, आणि तरी मी हसत राहिलो."

नातू आजोबांकडे बघायला लागला. साडू मात्र कठड्यावर वाकून काळजीनं गल्लीत बघत होता.

"हळू बोला ना, साहेब," तो म्हणाला. "खाली ऐकू गेलं नसेल ना?"