लोक वाचत नाहीत म्हणे!

कोपनहेगनला शिकत होते तेव्हा आमच्या बाई माझं एकच वाक्य मोठ्यानं वाचायच्या. पुन्हा वाचायच्या. तिसऱ्यांदा वाचायला लागल्या की मीच हात वर करून म्हणायचे, "खोडते!" दोन वर्षं हे शिकून मी बेंगळुरूला परतले, ते डिझाइनवरचं लेखन सुधारायचंच या जिद्दीनं. वाटलं होतं, माझी वाट बघत असतील. हेब्बाळच्या एका डिझाइन ब्लॉगच्या ऑफिसात माझी वाट बघत होती एक खुर्ची, आणि तिचंही एक चाक तुटलेलं!

मालक निनाद पुण्याचा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "मुक्ता, लोक वाचत नाहीत गं, स्क्रोल करतात. तरी तीन महिने ट्रायल. संपादक कशाला हवा ते पटवून दे. नाही पटलं तर काय, आपण मित्र आहोतच!"

मित्र! घरी राजाजीनगरला मी छातीठोकपणे सांगून बसले होते की माझं काम इथंच आहे. सर्जापूर रोडच्या मावशीनं तर तिच्या कंपनीसाठी माझा बायोडेटा मागूनही ठेवला होता. तेव्हा पटवून देणं भाग होतं.

ब्लॉग इंग्रजी, भांडणं मराठीत. अशा ठिकाणी किस्से जमवावे लागत नाहीत. फाइल उघडली की एक बाहेर पडतो.

*

गुरू आमचा लेखक, निपाणीचा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्यानं हॉस्पिटलमधल्या पाट्यांवर लांबलचक लेख दिला. त्यात 'मानवकेंद्री अनुभव' इतक्या वेळा आला होता की मी मोजायचं सोडलं. पाटी मात्र एकही नव्हती.

"गुरू, तू हॉस्पिटलात गेला होतास?"

"नाही अक्का, फोटो बघितले की."

मी त्याला तसाच पिटाळला. तीन तासांनी घामाघूम होऊन परतला.

"हरवलो अक्का! एक्स-रेचा बाण धरून गेलो, तर कॅन्टीनात निघालो. तिथं एक आजोबा भेटले, तेपण एक्स-रेच शोधत होते. सकाळपासून!"

"अरे, मग हेच लिही ना!"

गुरू माझ्याकडं कीव आल्यासारखा बघत राहिला. "हे? यात डिझाइन कुठं आहे अक्का?"

*

आमच्याकडे आधी पान आखतात, मग त्यातल्या चौकोनांत मजकूर ओततात. साचा आधी, विचार नंतर. एकदा मी मधल्या परिच्छेदातल्या चार पोकळ ओळी उडवल्या. निनाद धावत आला.

"मधला चौकोन बुटका झाला! पान लंगडं दिसतंय!"

"पण त्या ओळींत काही नव्हतं रे."

"उंची होती ना!"

त्यानं स्वतः बसून चौकोन भरला. 'साधेपणा म्हणजे केवळ साधेपणा नव्हे, तर साधेपणाच्या पलीकडचा साधेपणा.' लेखाचा विषय होता, 'अनावश्यक ते काढून टाका'.

*

मग वाचनीयतेवरचा लेख. पांढऱ्या पानावर फिकट राखाडी अक्षरं, मुंगीएवढी. मी घरी आईला फोनवर दाखवला. आई चष्मा लावून, काढून, परत लावून म्हणाली, "स्वल्प मोठं कर गं. हां. आता कोरं पान मोठं दिसतंय."

दुसऱ्या दिवशी निनादला सांगितलं. तो हसला. "तुझी आई आपली टार्गेट ऑडियन्स नाही."

"लेख कशावर आहे, निनाद?"

"ज्येष्ठ नागरिकांसाठी स्क्रीन कसा असावा," तो म्हणाला. अगदी सहज!

*

अडीच महिने झाले आणि सगळ्यात वाईट प्रकार घडला. मजकूर येईपर्यंत चौकोनांत 'इथे मजकूर येईल, इथे मजकूर येईल' असं भरून ठेवायची आमच्याकडे पद्धत आहे. एक लेख तसाच प्रसिद्ध झाला. मी आजारी होते, आणि चार दिवस कोणाच्याही लक्षात आलं नाही. खाली तीन प्रतिक्रिया होत्या. 'डोळे उघडणारं!' 'सेव्ह करून ठेवलंय.' 'पुढचा भाग कधी?'

मी डोक्याला हात लावून बसले. निनाद मात्र खुशीत.

"बघ! आणि हे संपादनाशिवाय!"

त्या दिवशी घरी जाताना मी मावशीला बायोडेटा पाठवायला काढला होता. पाठवला नाही, पण काढला होता.

*

तीन महिने संपायला एक दिवस राहिला. दुपारी निनादचा मेल आला. 'एक पत्र लिहिलंय. विषय नाजूक आहे. जरा नजर टाकशील?'

सात परिच्छेद. पहिल्यात आपला सामूहिक प्रवास. दुसऱ्यात बदलती क्षितिजं. चौथ्यापर्यंत मला कळेना, कोणी वारलंय की कोणाचं लग्न आहे. सहाव्यात माझं नाव आलं.

मी पाणी प्यायले आणि कामाला लागले. प्रवास खोडला. क्षितिजं खोडली. 'कृतज्ञतेच्या अवकाशात' खोडलं. शेवटी उरलं ते असं: 'मुक्ता, आपल्याला संपादकाची गरज नाही, कारण'

पाठवून दिलं. दोन मिनिटांत निनाद माझ्या टेबलापाशी.

"मी एवढंच म्हणत होतो?"

"एवढंच."

"फार उद्धट वाटतंय गं."

"सात परिच्छेदांतही तेच होतं. दिसत नव्हतं."

त्यानं परत वाचलं. "आणि 'कारण'च्या पुढे?"

"पुढे तू काही लिहिलं नव्हतंस."

"असं कसं? सात परिच्छेद होते!"

"होते. वाच ना परत."

गुरूनं स्क्रीनवरून मान वर केली आणि लगेच खाली घातली. निनाद केबिनमध्ये गेला. संध्याकाळी निघताना काचेतून दिसला, तेच पान उघडून बसलेला. दारातून डोकावले तर म्हणाला, "कारण उद्या देतो."

सकाळी उठले तेव्हाच माझं ठरलं होतं. ऑफिसात पोचले, गुरूचा नवा लेख उघडला, आणि आधी निनादला एक ओळ पाठवली: 'मसुदा अपुरा आहे. पूर्ण झाला की दे, तोवर मी कामावर आहे.'