आपल्याच मापाची अट

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, क्ष-किरण विभागाच्या पाठीमागे, सर्व्हरची एक थंडगार खोली होती. त्या खोलीत उमेदीची सारी वर्षे घालविलेल्या नेटवर्क अभियंता बाईंना सगळे ‘तारताई’ म्हणत. बाई मूळच्याच अस्वस्थ प्रकृतीच्या. खुर्चीवर टेकल्या तरी एक टाच जमिनीवर नाचत राही. त्यात नेटवर्कप्रमुख निवृत्त झाले आणि प्रशासक बाईंनी तारताईंना बोलावून घेतले.

“जाहिरात द्यायचीय. उमेदवाराकडे काय काय हवं, ते तुम्हीच लिहून द्या. आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही.”

“आणि मीच अर्ज केला तर?”

“करा की! अडवतंय कोण?”

अडवीत कोणीच नव्हते. अडविणारी अट मात्र तारताईंना स्वतःच्या हातांनी लिहावयाची होती.

आरंभ सोपा होता. संगणक शाखेची पदवी, अथवा पदविका आणि दीर्घ अनुभव, हे त्यांनी निःशंकपणे लिहिले. निवृत्त झालेले प्रमुखही पदविकाधारकच होते. राउटर आणि स्विच हाताळण्याचे प्रमाणपत्र, तेही लिहिले. मग आले नेटवर्क सुरक्षेचे प्रमाणपत्र, आणि तेथे हात थबकला. असल्या प्रमाणपत्रांना आयुष्य असते. तीन वर्षे उलटली, की ती मरतात आणि पुन्हा परीक्षा देऊन त्यांना जिवंत करावे लागते. तारताईंचे प्रमाणपत्र केव्हाच गतप्राण झाले होते. ‘आजमितीस वैध’ हे दोन शब्द लिहिले, तर त्यांची स्वतःचीच वाट बंद होणार होती.

त्यांनी ते शब्द लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. उठून पंख्याचा वेग वाढविला, कमी केला. कागद पर्समध्ये कोंबून त्या घरी निघाल्या, तेव्हा ते शब्द पुन्हा खोडलेले होते.

घराच्या पुढच्या खोलीत यजमानांचे शिवणकाम चाले. तारताई कपाटापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून कपाटापर्यंत येरझारा घालू लागल्या, तसे त्यांनी मशीन थांबविले.

“अगं, बस तरी! चालून चालून फरशी झिजवशील.”

“अहो, ही अट खरंच लागते का, तेवढंच ठरवायचंय.”

“मग ठरव.”

“मला नको असली, की लागत नाही असं वाटतं.”

यजमानांनी दोरा दातांनी तोडला. “म्हणजे माप घ्यायचं गिऱ्हाइकाचं आणि कापड बेतायचं स्वतःच्या अंगावर! आमच्या धंद्यात याला चोरी म्हणतात.”

आतून सासूबाईंचा आवाज आला, “पण मी म्हणते, पास झालेली परीक्षा शिळी होतेच कशी? भात आहे का तो?”

“होते हो, आई,” तारताई म्हणाल्या, आणि स्वतःशीच दचकल्या.

कारण ती शिळी होते, हे त्यांनी त्याच वर्षी अनुभवले होते. तिसऱ्या मजल्यावर नवी वायरलेस यंत्रे बसविली, तेव्हा परिचारिकांच्या टॅबलेटना ती काही केल्या आत घेईनात. तारताईंनी जुन्या पद्धतीने सारे उलटेपालटे करून पाहिले, आणि तोवर परिचारिका तपासण्यांचे निकाल कागदावर घेऊन जिने चढत-उतरत राहिल्या. शेवटी यंत्रे पुरविणाऱ्यांच्या अभियंत्याने फोनवर बोलता बोलता दोष सांगितला. ओळख पटविण्याची रीतच बदलली होती, आणि नव्या अभ्यासक्रमात तिच्यावर स्वतंत्र प्रकरण होते. चूक तारताईंच्या शिळ्या ज्ञानाची होती, हे कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. तारताईंच्या मनातून मात्र ती जात नव्हती.

दुसऱ्या दिवशी प्रशासक बाईंनी कागद वाचला. ‘आजमितीस वैध’ हे शब्द आता त्यावर ठसठशीत होते.

“अहो, यात तुम्ही बसत नाही!”

“नाही बसत.”

“मग खोडते मी. एवढ्यासाठी घरचं माणूस कशाला गमवायचं?”

मोह झाला नाही असे कसे म्हणावे? “नको,” त्या म्हणाल्या. “अट राहू द्या. मुदत संपायच्या आत मी परीक्षा देते.”

“पण हे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं झालं!”

“धोंडा आहे खरा. जागेवरून मात्र हलवू नका.”

त्यानंतरचे दिवस कसे गेले, ते त्या घरालाच ठाऊक. पोळी करपली, दूध उतू गेले, यजमानांच्या मापाच्या फितीवर कोणीतरी आकृत्या काढून ठेवल्या. सासूबाई म्हणाल्या, “आमच्या घरात नेटवर्क आलं आणि स्वयंपाक गेला.” तारताई उभ्यानेच वाचीत; बसल्या, की शब्द डोक्यात शिरत नसत.

परीक्षा संगणकावर होती, त्यामुळे निकाल जागच्या जागी लागला. त्या अनुत्तीर्ण झाल्या. इतर सर्व भागांत गुण उत्तम होते; ओळख पटविण्याच्या त्या नव्या रीतीनेच दगा दिला. पुन्हा बसावयाचे, तर मधे काही दिवस थांबणे सक्तीचे होते, आणि तेवढ्यात अर्जांची मुदत संपत होती.

मुदत संपली. आलेल्या अर्जांची छाननी करणारे दुसरे होते तरी कोण? प्रत्येक प्रमाणपत्राची वैधता तारताईंनीच पडताळून पाहिली. प्रात्यक्षिकासाठी एका सुट्या वायरलेस यंत्रावर एक दोषही त्यांनीच पेरला. पेरताना एकदा मनात आले, की तो असा दडवावा, की कोणालाच सापडू नये. त्यांनी हात मागे घेतला, खोलीत एक फेरी मारली आणि दोष तिसऱ्या मजल्यावर घडला होता तसाच, जसाच्या तसा ठेवला.

पहिली उमेदवार त्यांच्याहून बरीच लहान होती. तिने पडद्यावरचे संदेश दोनदा वाचले, काही पाने मागे-पुढे केली आणि सरळ दोषावर बोट ठेवले. “मॅडम, ओळख पटवण्याची सेटिंग जुनी राहिलीय. बदलू का?”

“बदला.”

टॅबलेट जोडला गेला. तारताईंच्या छातीत काहीतरी खाली बसले आणि त्याच वेळी हलकेही झाले. दोहोंपैकी खरे कोणते, ते त्यांना ठरविता येईना. तक्त्यात त्यांनी पूर्ण गुण मांडले. मुलीने आपली बॅग उचलली, दाराशी गेली.

“थांबा जरा,” तारताई म्हणाल्या. कित्येक दिवसांत प्रथमच त्या खुर्चीवर नीट टेकल्या, आणि समोरची खुर्ची त्यांनी पायाने पुढे सरकविली. “हे गुणांसाठी विचारत नाहीये. हे प्रकरण तुम्ही कशातून शिकलात? माझी पुढच्या महिन्यात पुन्हा परीक्षा आहे.”