पत्रकाखालचं नाव

मी हमीदाखालाचा घात केला. तीन वर्षांपूर्वी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, ग्रामपंचायतीच्या ओट्यासमोर. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही.

आमचं गाव आष्टीच्या अलीकडे. हमीदाखाला दारोदार फिरून बांगड्या भरते. हात हातात घेतला की बाया बोलतात — नवऱ्याला न सांगितलेलं, आईला न सांगितलेलं. खालाच्या पोटात सगळ्या गावाचं राहायचं.

आमचं धरणं साधं होतं. महिला ग्रामसभा कधी भरायचीच नाही. शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर यायचा, बाया चुलीपुढून उठून अंगठा उमटवायच्या, की झाली सभा! आम्ही म्हटलं, आधी सभा भरवा, मग अंगठा मागा. चाळीस बाया सतरंजीवर बसल्या. दगड नाही, शिवी नाही. समितीची अध्यक्ष हमीदाखाला. पत्रकं लिहायची मी.

पत्रकं लिहायची मी — हे दोनदा सांगते, कारण तेव्हा एकदाही सांगितलं नाही.

पाच दिवस कुणी ढुंकून बघेना. मला काहीतरी झोंबणारं हवं होतं. आणि ते माझ्याजवळ होतं. नागपंचमीला बांगड्या भरताना उपसरपंचाची धाकटी सून कळवळली, बाही वर सरकली, आणि खालाला चटक्यांचे डाग दिसले. पोरीला मदत कशी करावी, एवढंच विचारायला खाला माझ्याकडे आली होती. वर बजावलंही — "ये बात कागद पे नक्को, बेटी. हात माझ्या हातात दिल्ता तिनं, तुझ्या न्हाई."

मी छापलं. 'बायांना शहाणपण शिकवण्याआधी उपसरपंचांनी धाकट्या सुनेच्या हातावरचे चटके मोजावेत.' जुन्या जालन्यातल्या छापखान्यात उभं राहून मुद्रितं तपासली, त्या वाक्यावर खूशही झाले. खाली निवेदक म्हणून खालाचं नाव, अध्यक्षाचंच जातं. तिला वाचता येत नाही. म्हणाली, "वाचून दाखव." मी दाखवलं — ती ओळ गाळून.

विसरले का? नाही. डोळे त्या ओळीवर होते, तोंडाने पुढची वाचली.

सहाव्या दिवशी उपसरपंच पत्रक फडकवत आला. "बांगड्या भरता भरता लोकांची घरं फोडून राह्यली का गं? हे तूच लिव्हलं?" आणि ती ओळ त्याने मोठ्यांदा वाचली. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, माइक माझ्याच हातात. खालाने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग म्हणाली, "नाव माझं हाय ना? मंग माझंच."

आणि मी — निर्भय व्हा म्हणून गावोगाव सांगणारी मी — काय केलं? घोषणा दिली. चाळीस बायांनी उचलून धरली, आणि त्या आवाजात माझं गप्प राहणं कुणाला ऐकूच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुनेला माहेरी शहागडला धाडलं. तिचं लेकरू ठेवून घेतलं. ती अजून तिकडेच आहे, लेकरू इकडेच.

सभा भरली. खरी, बायांनी भरलेली. माझा सत्कार झाला आणि मी नारळ घेतला. त्या सभेत खाला मागच्या भिंतीशी बसली होती, शेजारी कुणी बसलं नाही. "हिला सांगितलं की छापून येतं बाई," — हे मी कानांनी ऐकलं. आता बाया तिच्याकडून बांगड्या घेतात, पण घरी नेऊन आपल्या आपण चढवतात. हात कुणी देत नाही. तिने माझं नाव आजतागायत घेतलेलं नाही. भेटली की विचारते, "जेवलीस का, बेटी?"

वय, घाई, चळवळ — यातलं काही पुढे करत नाही. माफीही मागत नाही इथे. ती तुमच्याकडे मागायची नाही.

पण ते पत्रक तुमच्या घरात कुठे पडलं असेल — फडताळात, वहीत — तर काढा. खालचं नाव खोडा. माझं लिहा : रोहिणी. आणि ज्या बाईला वाचता येत नाही तिला हे सगळं वाचून दाखवा. एकही ओळ गाळू नका.