मागच्या बाकावरचा होकार

बाईंचं वाक्य संपायच्या आत मागच्या बाकावरून आवाज यायचा, "हां, बोला बोला!" तोही चक्क मराठीत. सिंगापूरमधल्या धर्मशिक्षणाच्या कॉलेजात, शनिवारी सकाळी, चिनी, तमिळ आणि फिलिपिनो विद्यार्थ्यांच्या मधोमध. पहिल्या बाकावरून मी मागे वळून बघायचोही नाही. वर्गात मराठी आम्ही दोघंच.

आमचा विषय होता अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चर्चची परंपरा आणि तिथलं नेतृत्व. बाई त्याच परंपरेत वाढलेल्या, दोन वर्षांसाठी इथे शिकवायला आलेल्या. त्या सांगायच्या, "आमच्याकडे उपदेश एकटा पाळक करत नाही. मंडळी त्याला उत्तर देते. तो अडखळला तर मंडळीच त्याला उचलून धरते. पुढारी ओळखायचा असेल तर आधी तो बाकावर कसा बसतो ते बघा."

हे मी सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. मागच्या बाकावरचा तो मात्र काहीच उतरवून घेत नसे. तुआसच्या शिपयार्डातला मरीन इंजिनिअर. वही आणलीच तर तिच्यावर ग्रीसचा अंगठा. मी पुण्यातल्या पाळकाचा मुलगा, आयटीत मॅनेजर, वाचायला दिलेली सगळी पुस्तकं दोनदा वाचलेली. पण आमच्या चर्चमध्ये उपदेशाच्या वेळी कोणी खोकलं तरी वडील चष्म्यावरून बघायचे. त्याचे वडील जालन्याकडच्या खेड्यात ख्रिस्ती कीर्तन करायचे. ते अर्धी ओळ म्हणायचे, उरलेली ओळ मंडळी म्हणायची. म्हणजे मी जे पुस्तकातून घोकत होतो, ते हा घरूनच घेऊन आला होता. तुम्हीच सांगा, पोटात दुखणार नाही तर काय होईल?

बाई त्याच्याकडे बघून मनापासून हसायच्या. माझ्या निबंधांवर नुसतं 'उत्तम' लिहायच्या.

पुढच्या वर्षी बाईंच्या जोडीने हा विषय शिकवायला एका विद्यार्थ्याची निवड होणार होती. शेवटी उरलो आम्ही दोघं. प्रत्येकाने वर्गापुढे एक उपदेश करायचा होता. ती जागा मला इतकी हवी होती की बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये मी आरशासमोर हातवारे करत बसायचो आणि माझी मुलगी सिंगापुरी थाटात म्हणायची, "पप्पा, रिलॅक्स लाह!"

आधी माझी पाळी. तिसऱ्या पानावर मी अडलो. अक्षरं दिसत होती, पण आवाज फुटेना. तेवढ्यात तो मागून म्हणाला, "सावकाश, दादा. आम्ही आहोत ना." मराठीचा गंध नसलेला वर्ग माना डोलवायला लागला. कोणीतरी "टेक युअर टाइम" म्हणालं. मी सावरलो आणि शेवटपर्यंत बोललो. त्याने मला सावरलं याचाही मला राग आला. लिहायला लाज वाटते, पण आला.

मग तो उभा राहिला. हातात कागद नाही. पाच मिनिटांत वर्ग त्याच्या मुठीत. वडिलांच्या शेवटच्या कीर्तनाविषयी तो सांगत होता; ते वारले तेव्हा हा बोटीवर होता. सांगता सांगता त्याने ते म्हणायचे त्या भजनाची एक ओळ मराठीत म्हटली. अर्धीच. तिथे तो अडकला.

त्या ओळीला उत्तर द्यायचं असतं हे वर्गात एकट्या मला कळत होतं. ओळ मलाही पाठ होती; ते भजन आमच्या चर्चमध्येही म्हणायचे. तो माझ्याकडेच बघत होता. शब्द माझ्या ओठांवर आले होते, आणि मी मान खाली घालून बुटांकडे बघत राहिलो.

"सॉरी," तो म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला.

बाईंना मराठी येत नव्हतं. त्यांनी मला निवडलं.

पुढे कंपनीने त्याची बदली कोरियाला केली. जायच्या आधी तो मला हॉकर सेंटरमधल्या चहाच्या टपरीवर घेऊन गेला. माझी निवड झाली म्हणून चहा त्याच्याकडून. कप रिकामा झाल्यावर म्हणाला, "दादा, एक सांगायचं राहिलं होतं. त्या दिवशी मी अडकलो तेव्हा तुम्ही मान खाली घातलीत. माझ्यासाठी प्रार्थना करत होतात ना? मला तिथूनच कळलं."

मी "हो" म्हणालो.

त्याने माझा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला, डोळे पुसले, आणि पासिर रिसची गाडी पकडायला एमआरटी मेट्रोच्या जिन्याकडे निघून गेला.