तिरुपती सोडून महाबळेश्वर

मेढ्यात आमचं पत्र्याचं आणि सिमेंटचं दुकान होतं. आमच्या भागातला पाऊस असा की दरसाल कुणाचा तरी पत्रा उडतो, कुणाचा गंजतो, कुणाचा गळतो. त्यामुळं उन्हाळाभर दुकानात उसंत नसायची. मी आणि आबा, म्हणजे माझे वडील, दोघं मिळून दुकान बघायचो. घरात आई, दोन मुलं आणि बायको. बायको आटपाडीकडची. लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत माहेर सोडलं तर ती एकही रात्र घराबाहेर राहिली नव्हती.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी पत्र्याच्या कंपनीनं एक योजना काढली. जितका माल विकाल तितके पॉइंट तुमच्या नावावर, आणि पॉइंट पुरेसे झाले की फुकट प्रवास. पैसे नाहीत, वस्तू नाही, नुसतं कुठंतरी जाऊन यायचं. असलं काही आम्ही त्याआधी ऐकलं नव्हतं. शेजारचा खतवाला म्हणाला, "गड्या, मिक्सर दिला असता तर चटनी तरी वाटली असती घरात. फिरून आल्यावर हातात काय ऱ्हातंय?" मलाही ती योजना खरी वाटली नव्हती. कंपन्या बोलतात पुष्कळ.

पण दिवाळीनंतर कंपनीचे साहेब दुकानात आले आणि म्हणाले, "अभिनंदन, तुमचे पॉइंट भरले. दोन माणसांचा प्रवास बसतो. एक तर तिरुपती, रेल्वेचं जाणं-येणं, राहणं, दर्शनाची सोय. नाहीतर महाबळेश्वर, चांगल्या हॉटेलात दोन रात्री." आणि स्वतःच हसले. "आता मेढ्याच्या माणसाला महाबळेश्वर काय सांगायचं! तिरुपतीच लिहितो."

आबा तेव्हा मागं गोडाऊनमध्ये पत्रे मोजून देत होते. पत्र्यांचा खणखणाट चालला होता. त्यांना काही ऐकू गेलं नाही याची मी खात्री करून घेतली आणि साहेबांना म्हणालो, "महाबळेश्वर लिहा."

मी असं का केलं, ते सांगायला मला इतकी वर्षं लागली. तिरुपती म्हटलं असतं तर जायचं कुणी, हा प्रश्नच नव्हता. आई-आबांनी जायचं. घरातल्या पहिल्या मोठ्या प्रवासावर त्यांचाच हक्क, आणि देवदर्शन म्हणजे तर बोलायलाच नको. महाबळेश्वर मात्र कुणीच मागितलं नसतं. आमच्या दारावरून एसटी जाते, केळघरचा घाट चढला की दीड तासात महाबळेश्वर. आमची माणसं तिथं टॅक्सी चालवतात, हॉटेलात भांडी घासतात, दूध घालतात आणि संध्याकाळी घरी येऊन जेवतात. तिथं जाऊन झोपायचं, हे आमच्याकडं खुळेपणाचं लक्षण. जे बक्षीस कुणाच्याच कामाचं नाही, ते मी निवडलं, म्हणजे ते माझ्याकडंच राहील.

घरी सांगितलं, "पॉइंट कमी पडले. महाबळेश्वरच मिळालं."

आई चुलीपुढून म्हणाली, "फशिवलं तुला कंपनीनं. घर हाकंवर आसताना तितं कुनी झोपायचं रं?"

"न घेतलं तर वाया जातंय," मी म्हणालो. "मी आन् ही जाऊन येतो."

आबा नुसते "हं" म्हणाले. त्या "हं"नं मला पुढं पुष्कळ दिवस त्रास दिला. बायको भाकरी थापत होती. तिचा हात क्षणभर थांबला, मग ती पुन्हा थापायला लागली.

फेब्रुवारीत गेलो. कंपनीनं दिलेलं कुपन शनिवार-रविवार चालत नव्हतं, म्हणून मंगळवारी. फुकटात काय काय मिळतं हे आम्हाला कुठं ठाऊक? साहेब नुसतं "दोन रात्री" म्हणाले होते, म्हणून आम्ही राहण्यापुरतं धरलं. बायकोनं वळकटी बांधली, रॉकेलचा स्टोव्ह घेतला, भाकऱ्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, पातेलं, तवा आणि एक कळशीसुद्धा. आम्ही हॉटेलच्या पायऱ्या चढलो तेव्हा मॅनेजरला वाटलं असावं की आचारी आलेत.

मी कुपन पुढं केलं. मला आतून वाटत होतं, आता हा हसणार आणि बाहेर घालवणार. त्यानं कुपन बघितलं, शिक्का मारला, किल्ली दिली आणि फार नम्रपणे म्हणाला, "सामान मोठं आहे. सोबत आणखी कोणी आहे का?"

बायकोनं उत्तर दिलं, "न्हाई, आमीच दोघं. पाणी कुठं भरायचं तेवढं दाखवा."

खोलीत गालिचा होता. त्यावर पाय ठेवायचा की नाही, यावर आमचं थोडं बोलणं झालं. नळाला गरम पाणी आलं तेव्हा ती मला हाक मारून म्हणाली, "आवं, हितं बंब कोन पेटवतंय?" संध्याकाळी तिनं बाथरूममध्ये स्टोव्ह पेटवून आमटी केली. दारं-खिडक्या लावून, चोरासारखी. फोडणीचा वास जिन्यापर्यंत गेला असणार, कारण थोड्या वेळानं वेटर आला आणि विचारू लागला, "साहेब, जेवायला खाली का नाही आलात? नाश्ता, दोन्ही वेळचं जेवण, सगळं तुमच्या पॉइंटमध्येच आहे."

तो गेल्यावर आम्ही एकमेकांकडं बघितलं. मांडीवर ताटं होती. मग ती पदर तोंडाला लावून अशी हसायला लागली की तिला ठसका लागला. "कळशी घिऊन आले मी!" ती म्हणाली. "कळशी!" लग्न झाल्यापासून तिला एवढं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं. घरी हसायची, पण ते हसू स्वयंपाकघरापुरतं असायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली बसून नाश्ता केला. कुणीतरी आपल्याला वाढतंय हे तिला सोसेना. वेटर प्लेट उचलायला आला की ही अर्धी उठायची. मग तळ्यावर गेलो, द्रोणात स्ट्रॉबेरी घेतली आणि बाकावर बसलो. ऊन कोवळं होतं. ती म्हणाली, "आटपाडीत ह्या दिवसांत डोळ्याला हिरवं दिसत न्हाई. माझ्या आईला हे दाखवायला पायजे." आणि थोड्या वेळानं, "कंपनीनं चांगलं केलं बगा, पॉइंट कमी पडलं ते."

तिथं मला राहवेना. सांगून टाकलं. पॉइंट कमी नव्हते पडले. तिरुपती मिळत होती.

तिच्या हातातली स्ट्रॉबेरी तशीच राहिली.

"आबांना न्हाई सांगितलं?"

"न्हाई."

"म्हातारा-म्हातारीच्या तोंडातलं देवाचं काढून मला ही फळं चारताय व्हय?" ती उठली. "चला. सामान बांधा. घरी जायचं."

मी तिच्या मागून निघालो. ती पुढं भराभरा चालली होती आणि मला वाटत होतं, संपलं. एवढं खोटं बोलून मिळवलेले दोन दिवस मीच तोंड उघडून घालवले. खोलीत आल्यावर तिनं वळकटीची दोरी हातात घेतली. गाठ मारता मारता थांबली आणि विचारलं, "आत्ता माघारी गेलो तर ते पॉइंट परत मिळत्यात?"

"न्हाई. एकदा वापरलं की संपलं."

तिनं दोरी खाली ठेवली. "मग आता काय उपेग? चला, जेवायची येळ झाली. पण घरी गेल्यावर आईंना सांगायचं. मी सांगते, तुमच्यानं व्हायचं न्हाई."

जेवून वर आलो. ती पलंगावर जरा टेकते म्हणाली, आणि झोपली. दुपारची, उजेडात. मी खुर्चीत बसलो होतो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी हिला झोपलेली कधी नीट बघितलीच नव्हती. घरी ती माझ्यानंतर अंग टाकायची आणि माझ्याआधी उठायची. कपाळाच्या कडेला तिला एक बारीक व्रण आहे, हेही मला माहीत नव्हतं. खाली गाड्या येत-जात होत्या. दिवेलागणीपर्यंत ती झोपली आणि मी तिथून हललो नाही. चहासुद्धा मागवला नाही, दार वाजेल म्हणून.

गुरुवारी घरी आलो. बायकोनं पिशवी खाली ठेवायच्या आत आईला सगळं सांगितलं. आबा सोप्यावर होते, त्यांनाही ऐकू गेलं. मला वाटलं, आता आई रडेल. मग ती आबांकडं बघून म्हणाली, "तिरुपतीला डोस्क्याची क्यासं देत्यात म्हनं. ह्यांच्याकडं हाय काय द्यायला? टक्कल घिऊन जायाचं व्हय देवाफुडं?"

बायको हसली, मुलं हसली. आबांनी टकलावरून हात फिरवला आणि ते अंगणात निघून गेले. चार-आठ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. मग एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा म्हणाले, "आवडलं का तिला?" मी हो म्हणालो. ते पुन्हा "हं" म्हणाले.

दोन वर्षांनी पुन्हा पॉइंट भरले. मी आबांच्या समोरच साहेबांना तिरुपती लिहायला सांगितलं. आबा म्हणाले, "पावसाळा हुंदे, मग बगू." त्या पावसाळ्यात त्यांना छातीचं दुखणं लागलं आणि ते त्यातून उठले नाहीत. पुढं आईचे गुडघे गेले. तिरुपतीला दोघंही गेले नाहीत ते नाहीतच. हे ओझं माझ्यावर आहे आणि ते उतरावं अशी माझी फारशी धडपडही नाही.

बायको अजून मुलीला सांगते, "तुझ्या बाबांनी माझे हाल बघितलं, मला इसावा मिळावा म्हणून नेलं." ऐकताना मी मान खाली घालतो. कारण ते तसं नव्हतं. तिचे हाल मला तेव्हा दिसतही नव्हते, आमच्या घरात ते कुणालाच दिसत नव्हते. मला तिच्याजवळ बसायचं होतं, बस. तिच्याशी बोलायचं होतं, मधे कुणी हाक न मारता. लग्न होऊन एवढी वर्षं झालेल्या, दोन पोरांच्या बापानं ही गोष्ट कुणाला सांगायची? मी देवाच्या दर्शनाच्या बदल्यात ते दोन दिवस घेतले.

आईचा तो विनोद खरा होता की माझ्यावर घातलेलं पांघरूण होतं, हे मी तिला कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला ती नाही. पण उद्या ते साहेब पुन्हा दुकानात आले आणि आबा मागं पत्रे मोजत असले, तरी मी महाबळेश्वरच लिहायला सांगीन. एवढंच की या खेपेला आबांना ऐकू जाईल असं सांगीन.